प्लगवरून फायबरचा पार्ट सुटत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, बाइकच्या टेल फेअरिंगसाठी (मागच्या कव्हरसाठी) एमडीएफचा प्लग (ज्यावर फायबर चढवून पार्ट बनवतात तो नमुना) बनवलाय, प्रायमर मारून 1200 च्या वॉटर पेपरने घासला, रिलीज वॅक्सचे 5 हात दिले, मग स्पंजने पीव्हीए (पार्ट चिकटू नये म्हणून लावायचा पातळ थर). एका कोपऱ्यात पीव्हीए पसरलंच नाही, थेंब थेंब गोळा झालं, तेव्हाच पुसून परत लावायला हवं होतं. वर जेलकोट (पार्टचा बाहेरचा रेझिनचा थर) आणि पॉलिएस्टर रेझिनमध्ये फायबर मॅटचे 3 थर.

दोन दिवस झाले, कडा सुटल्यात, प्लास्टिकची पाचर सरकवली की कडकड आवाज येतो पण नेमकं त्याच कोपऱ्यापाशी अडतं. पीव्हीए पाण्यात विरघळतं म्हणून फटीतून कोमट पाणी सोडलं, थोडं सुटलं, पण एमडीएफ फुगेल या भीतीने जास्त सोडवत नाही. आता प्लगला मागून भोक पाडून कॉम्प्रेसरची हवा मारू का? का रबरी हातोडीने ठोकत राहू? पार्ट गेला तरी चालेल, प्लग वाचला पाहिजे, महिनाभर घासलाय तो.

आणि प्रायमर साधा 1के (हार्डनर न मिसळायचा) होता, रेझिनमधल्या स्टायरिनने तो मऊ पडून चिकटला असेल का? तसं असेल तर पुढच्या वेळी 2के (हार्डनरवाला) मारतो. त्या कोपऱ्यात भिंत अगदी उभी आहे, 2-3 डिग्री उतार दिला तर पुरेल का तेही सांगा प्लीज.