गांजा ओढणाऱ्या पोराचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकावा का?

वडगावचा मागवाला

बेळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला मागाची एक शेड बंद पडून आहे. माग भंगारात गेले, भिंती तेवढ्या राहिल्या. संध्याकाळ झाली की तिथं पोरं बसतात. परकी नव्हेत, दोघं-तिघं तर शिवजयंतीला आमच्याच चित्ररथावर मावळे होऊन उभी होती. गणपती झाल्यावर मंडळाची बैठक बसली आणि ठरलं, की रात्री गस्त घालायची, सापडेल त्याला चोप द्यायचा आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. मी नको म्हटलं. बैठकीत माझ्या बाजूनं कोणीच बोललं नाही.

पहिल्याच रात्री एकाचा फोटो पडला. सकाळी तो चंदगड तालुक्यात त्याच्या मामाच्या मोबाईलवर होता. पोरगं आता कॉलेजला जात नाही, घरात कोणाशी बोलत नाही. शेड रिकामी झाली म्हणून मंडळ खूश आहे. खरं पोरं गेली कुठं? रेल्वे रुळाकडं. तिथं एखादा बेशुद्ध पडला तर उजाडल्याशिवाय कळायचं नाही.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेलेल्या व्यसनी माणसावर नुसत्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा खटला चालत नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. कायदा दार उघडं ठेवतो आणि आमची गल्ली ते लावून घेते, असं मला दिसतंय. तुमच्याकडं काय चाललंय, सांगा.

मंडळाचा कार्यकर्ता

काका, त्या बैठकीत मी होतो. फोटोची कल्पना माझीच, म्हणून उत्तर देतो.

त्या शेडवरनं माझी बहीण ट्यूशनला जाते. वर्षभर लांबच्या रस्त्यानं फिरून गेली. पोलिसांना आम्ही तीनदा कळवलं. येतात, पोरं पळतात, ते गेले की पोरं परत हजर. फोटो पडल्यावर दोन दिवसांत शेड मोकळी. मग चुकलं काय? आणि तुमच्या त्याच कायद्यात गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत आहे. एक किलो! ते कलम वाचून ओढायचं कोण थांबलंय, एक पोरगं दाखवा.

वडगावचा मागवाला

बाळा, अल्प म्हणजे माफ नव्हे. एक किलोच्या आतल्या गांजालासुद्धा वर्षभराची सक्तमजुरी होऊ शकते. बहिणीचं म्हणशील तर तुझं बरोबर आहे, ते मी बैठकीतही नाकारलं नव्हतं. शेडला दिवा लावा, कुलूप घाला, मी वर्गणी देतो. फोटोला माझी वर्गणी नाही.

औषध दुकानवाली

तुम्ही दोघं गांजा-गांजा करत बसलाय. मला काउंटरवर दिसतं ते वेगळंच. पोरं झोपेच्या गोळ्या मागतात, कोडीनचं खोकल्याचं औषध मागतात. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीन ही सगळी 'एच-१' यादीत येतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या रजिस्टरात नाव-प्रमाण लिहायचं आणि ते ३ वर्षं जपायचं. मी लिहिते. सगळे लिहितात का, ते मंडळानं आपापल्या गल्लीतल्या दुकानात जाऊन विचारावं. गस्त घालायचीच तर तिथनं सुरू करा.

आणि एक नीट ऐका. त्या पोरांत कोणी पंक्चरचं सोल्युशन किंवा थिनर हुंगणारा असेल, तर त्याच्यामागं अजिबात पळू नका. त्या वाफेनं हृदयाचे ठोके बिघडलेले असतात. दचकवलं, पळवलं की हृदय जागेवर बंद पडू शकतं. तुमच्या दहाजणांच्या गस्तीत चोप देण्याआधीच मयत व्हायचा. असा कोणी दिसला तर आवाज चढवू नका, मोकळ्या हवेत आणा, बसवून ठेवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन. काय घेतलं होतं ते डॉक्टरला खरं सांगा. पोलीस येतील म्हणून मित्र पळून जातात आणि तो एकटा राहतो, माणूस जातो तो असा.

उद्यमबागेतला सुपरवायझर

उपचार-उपचार म्हणणाऱ्यांना माझा रामराम. भाच्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. पैसे आगाऊ भरले, महिनाभर भेटू दिलं नाही. बाहेर आला तर पाठीवर वळ. फौंड्रीत परत घेतला, आठवड्यात पहिल्यासारखाच. यापेक्षा पोलीस बरे, निदान मारल्याचा हिशोब मागता येतो. मी फोटोच्या बाजूनं.

औषध दुकानवाली

दादा, त्या केंद्राची नोंदणी बघितली होती का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा ठिकाणी मारहाण तर सोडाच, नुसतं साखळीनं बांधणंसुद्धा चालत नाही. चांगली जागा कशी असते ते बघायचं तर पुण्याचं मुक्तांगण आहे, १९८६ पासून. लांब आहे, मान्य. खरं नोंदणीचे, मारहाणीचे प्रश्न इथल्या केंद्राला विचारायला बेळगाव सोडावं लागत नाही.

निपाणीकर

आमच्या गावाचं पोट तंबाखूवर. १९८१ ला तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी रस्त्यावर बसले, पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. म्हणून तंबाखूला शिव्या घालायला माझी जीभ उचलत नाही. खरं मंडळाच्या कट्ट्यावर मावा मळत पोराला 'नशा सोड' म्हणणारे बघितले की हसू येतंय. गस्तीतल्या दहाजणांचे खिसे आधी तपासा.

मंडळाचा कार्यकर्ता

विषय सोडून बोलू नका.

निपाणीकर

खिशाला लागलं वाटतं.

खानापूरची एक आई

इतके दिवस नुसतं वाचत होते. आज लिहिते.

माझा मुलगा गोळ्या खायचा. कळलं तेव्हा ह्यांनी त्याला खोलीत कोंडला. चार दिवस कोंडलं की सुटेल, असं नातेवाईकांनी सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी फिट आली. दातखीळ बसली, जीभ चावली गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, हळूहळू कमी करायच्या असतात. दारूचंही तसंच. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. कळवायची पत्रकं आलेली, ती कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही.

तो सुटला, परत घ्यायला लागला, परत सुटला. आता कामाला जातो. उद्याचं मी सांगत नाही. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा मदत नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, आणि भाषा निवडता येते. मी पहाटे तीनला लावलाय. त्याचा फोटो ग्रुपवर पडला असता तर मी त्याला दवाखान्यात न्यायलाच धजले नसते. रिक्षावाला गल्लीतलाच असतो.

मंडळाचा कार्यकर्ता

काकू, तुमचं वाचून गप्प बसलो होतो.

पळवायचं नाही, ते आजच गस्तीतल्या पोरांना सांगतो. सोल्युशनचं खरंच माहीत नव्हतं. फोटोही काढून टाकतो. खरं विकणाऱ्याला मी सोडणार नाही, त्याच्या गाडीचा नंबर माझ्याकडं आहे.

वडगावचा मागवाला

त्याचं नाव दे पोलिसांत, सही करायला मी येतो. खरं ग्रुपवरचा काढून काय होणार? मामाच्या मोबाईलवरचा कोण काढणार? तू जा चंदगडला.

मंडळाचा कार्यकर्ता

जातो की. आणि रुळाकडं आज रात्री कोण जाणार? तुम्ही?

वडगावचा मागवाला

आठ वाजता. दहाजण नको, दोघं बास. बॅटरी घेऊन ये, तिकडं दिवा नाही.