सासूबाईंनी देवाला वाहिलेलं फूल लसणाचं निघालं! ही पात खायची का?

पाचपाखाडी_बाल्कनी:
मंडळी, दोन वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावरची मणिपुरी मैत्रीण घर सोडून जाताना कुंडीतला एक गड्डा देऊन गेली. ‘मरोई नाकुप्पी’ म्हणायची ती त्याला, एरोंबा या त्यांच्याकडच्या पदार्थावर चिरून घालायची. मी बाल्कनीतल्या एका जुन्या कुंडीत खोचला आणि विसरले.

यंदा गणपतीत त्याला पांढऱ्या चांदण्यांचे गुच्छ आले. सासूबाईंनी कौतुकाने दोन तोडून देवाला वाहिले. पाच मिनिटांत देवघरातून हाक, “अगं, लसूण कुणी सोलला?” त्यांचा चातुर्मास. कांदेनवमीची भजी झाली की घरात कांदा-लसूण बंद. तबक घासून झालं, मी अजून ऐकतेय.

तर, ही पात खायची तर कशी कापायची? काही पानं पिवळी का पडताहेत? आणि परवाच्या सरीनंतर त्याच कुंडीत एकेका दांड्यावर एकेकच मोठं पांढरं फूल उमललंय. एकाच झाडाला दोन तऱ्हेची फुलं येतात का?

गच्चीवाले_नाना (कळवा):
ताई, आधी कात्री खाली ठेवा.

येत नाहीत. तुमच्या कुंडीत दोन झाडं आहेत. गुच्छवाला तो चिनी लसूणपात, म्हणजे गार्लिक चाइव्हज. एकेकटं फूल ती रेन लिली, सर आली की उमलणारी. ती विषारी. तिच्यात लायकोरिन असतं, पोटात गेलं की उलट्या-जुलाब. जुन्या कुंडीत तिचे कांदे आधीपासून पडून असणार.

फुलं नसताना दोघींची पानं गवतासारखीच दिसतात. वासाने ओळखा असं सगळे सांगतात, पण त्यात एक गोम आहे. पहिलं पान लसणाचं कुस्करलंत की बोटांना तो वास चिकटतो, मग लिलीचं पानही लसणाचंच वाटतं. मी स्वतः फसलोय, आमच्या हिने हात धुवायला लावले तेव्हा कळलं. त्यामुळे मिश्र कुंडीतलं एकही पान खाऊ नका. कुंडी उपसा. लिलीचा कांदा सुटा, गोल, वर तपकिरी पापुद्रा. लसूणपातीचे कांदे बारीक, लांबट, मुळकांडाला एकमेकांशी जोडलेले. नवीन कुंडी, नवीन माती.

पिवळी पानं बहुधा पाणी साचल्याने. खाली ताटली असेल तर पावसाळ्यात काढून टाका. कापताना बुडाशी बोटभर ठेवून कापा, तीनेक आठवड्यांत परत येते. फुलं वाळू देऊ नका, बी पडून शेजारच्या कुंड्याही भरतात.

जाता जाता, कांदा-लसणाच्या जातीच्या शोभेच्या झाडांत ही लसूणपातच आपल्याकडे टिकते. ते फोटोतले जांभळे चेंडू, ॲलियम जायगँटियम, मी हौसेने तीन कांदे मागवले होते. मूळ मध्य आशियातलं झाड, त्याला हिवाळा गोठवणारा लागतो. आठ आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले (हिने त्यातला एक फोडणीसाठी जवळजवळ चिरलाच होता). पानं आली, मार्चच्या उन्हाने झोपली, फूल नाही. आमच्या कळव्यात थंडीत रजई कपाटातून निघत नाही, तो बिचारा काय फुलणार! त्यापेक्षा कोंब आलेला घरचा कांदा नोव्हेंबरात कुंडीत टोचा. फेब्रुवारीत डेंगळे येतात, पांढरे गोल गेंद. शेतकरी डेंगळ्यांना शिव्या घालतो, कारण कांदा पोसत नाही. आपल्याला कुठे विकायचाय?

खारघर_सेक्टर१२:
घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर. कांदा-लसणाच्या जातीचं काहीही त्यांना विषच, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आमचा बोका ती पात गवत समजून चघळायचा. डॉक्टरांनी सांगितल्यापासून कुंडी खिडकीच्या ग्रिलबाहेर.

पाचपाखाडी_बाल्कनी:
नाना, उपसली! पापुद्र्याचे गोल कांदे अकरा निघाले, मुळं एकमेकांत विणलेली. ताटलीतही पाणी होतंच. दरवेळी हात धुऊन वास घेतला. जिथे शंका आली तो पुंजका सरळ फेकला.

ऐरोली_थालीपीठ:
चांगलं केलंत. आता नव्या कुंडीतली पात जोम धरू दे, मग थालीपिठात घाला. भाजणी भिजवून पात अगदी शेवटी मिसळायची, आधी मिसळली तर पाणी सुटतं आणि थापताना फाटतं. भुर्जीतही गॅस बंद केल्यावरच, जास्त शिजली की वास उडतो. न उमललेल्या कळ्यांचे कोवळे दांडे मी हिरव्या मिरचीबरोबर तव्यावर भाजून मिठात ठेचते. दांडा मोडताना तुटला नाही, नुसता वाकला, तर जून झालाय, सोडून द्या.

पाचपाखाडी_बाल्कनी:
सासूबाईंना वाचून दाखवलं. थालीपीठ कार्तिकी एकादशीनंतर, असं ठरलंय. आणि लिलीचे अकरा कांदे त्यांनीच वेगळ्या कुंडीत लावून घेतलेत, देवासाठी.