मदत हवी आहे : ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे का पडताहेत?

प्रश्न
बातम्या आणि ब्लॉग अशा दोन संचांतली शब्दवारंवारिता ताडून पाहायची आहे. पायथॉनच्या ‘री’ या मजकुरातले नमुने शोधणाऱ्या मोड्यूलने शब्द वेगळे केले, तर यादीत ‘मर’, ‘ठ’ असले तुकडे. वर ‘हेही वाचा’ हजारो वेळा. एन्कोडिंग यूटीएफ-८ च आहे. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
घोळ बॅकस्लॅश-डब्ल्यूचा, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ या खुणेचा. ‘री’ त्यात अक्षरं आणि अंक धरतं. काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या लेखी नुसती चिन्हं, म्हणून तिथे शब्द तुटतो. त्याऐवजी [ऀ-ॣॱ-ॿ]+ वापरा. दंड आणि अंक मुद्दाम वगळलेत.

त्याआधी सफाई, आणि याच क्रमाने. एनएफसी करा, म्हणजे युनिकोडने समान मानलेली रूपं एकसारखी करा. मग र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (अदृश्य जोडचिन्ह) आढळेल तिथे ऱ + हलन्त घाला. उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अदृश्य तोडचिन्ह) त्यानंतरच काढा. क्रम उलटा झाला तर काही पानांवरच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात!

‘ॲ’सुद्धा तपासा. युनिकोडमध्ये तो २००८ साली आला, त्यामुळे कित्येक पानांवर अ + ॅ असतं. एनएफसी ही दोन रूपं एक करत नाही, तुम्हालाच बदलावं लागेल.

प्रतिसाद २
‘हेही वाचा’ म्हणजे पानाचा सांगाडा. एचटीएमएलमधून मजकूर ‘ट्राफिलाटुरा’ या पायथॉन लायब्ररीने काढा, मग एकाच संकेतस्थळावर पुन्हापुन्हा येणारे परिच्छेद उडवा. तीच बातमी दहा ठिकाणी किंचित बदलून छापलेली असते. त्यासाठी पाच-पाच शब्दांच्या साखळ्यांवर मिनहॅश (साम्याचा झटपट अंदाज देणारी पद्धत) चालवा, जॅकार्ड (सामायिक साखळ्यांचं एकूण साखळ्यांशी प्रमाण) ०.८ पासून सुरुवात. उडालेल्यांपैकी पन्नासेक जोड्या डोळ्यांनी वाचा, मग आकडा हलवा.

तुलनेला दर दहा लाख शब्दांमागची वारंवारिता घ्या. लॉग-लाइकलिहूड ही फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी कसोटी; तिची ३.८४ ची मर्यादा मोठ्या संचात ढीगभर शब्द ओलांडतात, तिच्यावर विसंबू नका. शब्द किती वेगवेगळ्या संकेतस्थळांवर आलाय तो रकाना शेजारी हवाच. एकाच ब्लॉगरचा लाडका शब्द नाहीतर ‘ब्लॉगची भाषा’ ठरतो.

प्रश्नकर्ता
तुकडे गेले, आभार. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’ एकत्र मोजू का?

प्रतिसाद १
विषय शोधत असाल तर हो. पण नुसता प्रत्यय छाटून ‘घरा’ उरतं, सामान्यरूपावरून मूळ रूप गाठावं लागतं. आंधळेपणाने ‘त’ छाटलात तर ‘रात’चा ‘रा’ होईल. शैली तपासायची असेल तर रूपं तशीच राहू द्या.