मदत हवी आहे : भंगार गोदामांसाठी सुरक्षेचे नियम कसे असावेत?

नमस्कार मंडळी,

धातूचं भंगार विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी काय नियम असावेत, याचं एक निवेदन आमच्या नागरिक गटातर्फे लिहितेय. अर्धं झालंय, पण नेमक्या महत्त्वाच्या जागी गाडं अडलंय. भंगार, पोलाद, अग्निशमन किंवा किरणोत्सर्ग-सुरक्षा यातलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

चोरीच्या मालाचा भाग तसा सरळ आहे. सिग्नलची केबल, गटारांची झाकणं, विजेच्या तारा चोरीला जातात, कारण त्या निमूटपणे घेणारं कुणीतरी असतं. इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर २०१२ पासून भंगाराचे पैसे रोखीने द्यायला बंदी आली. २०१३ च्या कायद्याने परवाना आणि विकणाऱ्याच्या नाव-पत्त्याची खातरजमा सक्तीची केली. हे मी मसुद्यात घेतलंय.

अडलंय ते पुढे. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं उपकरण भंगारात आलं, गोदामात सुटं केलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. ते चोरीचं नव्हतंच. दिल्ली विद्यापीठाने रीतसर लिलावात विकलेलं जुनं यंत्र होतं. नोंदवहीत विकणाऱ्याचं नाव-गाव चोख लिहिलं असतं, तरी कामगार वाचला नसता! ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली सोडून दिलेल्या रुग्णालयातलं सीझियम-१३७ या तशाच किरणोत्सर्गी पदार्थाचं यंत्र भंगारवाल्याकडे पोचलं. आतली निळसर चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चार माणसं दगावली. म्हणून मला वाटतं, 'माल कुणी आणला' याइतकंच 'मालात काय आहे' हेही विचारणारा नियम हवा, आणि पहिली जबाबदारी यंत्र टाकून देणाऱ्या संस्थेवर हवी. गॅस कटर हातात घेतलेल्या माणसाला ते यंत्र कशाचं हे कळणार कसं?

माझे प्रश्न असे :

गोदामाच्या फाटकावर किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र बसवायचं की हातातलं छोटं यंत्र पुरेल? शिशाच्या जाड आवरणातला किरणोत्सर्गी स्रोत फाटकावरच्या यंत्रालाही चुकवू शकतो. स्पेनमध्ये १९९८ साली असाच एक सीझियमचा स्रोत पोलादाच्या भट्टीत वितळला. म्हणून विचारते, डोळ्यांनी तपासणी कशी शिकवावी? किरणोत्सर्गाच्या धोक्याची तीन पाकळ्यांची खूण आणि आकाराच्या मानाने फारच जड वाटणारा डबा, एवढं मी लिहिलंय. आणखी काय?

संशयास्पद वस्तू सापडली तर ती ठेवण्याचा, हलवण्याचा खर्च कुणी सोसायचा? हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कळवणाऱ्याच्याच गोदामाला टाळं लागणार असेल तर कोण कळवेल? कळवणाऱ्यावर कारवाई नाही, असं स्पष्ट कलम असलेली नियमावली कुणी पाहिली आहे का?

बंद सिलिंडर, पेट्रोलच्या टाक्या, जुने तोफगोळे आणि आता प्रेसखाली चिरडल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्या, यांच्या आगी-स्फोटांबद्दल अग्निशमनवाल्यांनी लिहावं. अशा मालासाठी वेगळी जागा किती अंतरावर असावी?

घेतलेला माल काही दिवस न तोडता ठेवायचा, ही सूचनाही आलीय. चोरी उघडकीला यायला ती बरी, पण छोट्या व्यापाऱ्याचं भांडवल त्यात अडकतं. शिवाय रोखबंदी आली की रस्त्यावरून पत्रा-डबे वेचणाऱ्या, बँकेत खातं नसलेल्या माणसाचं काय? पोटासाठी किलो-दोन किलो आणणारा आणि टेम्पोभर सोललेली तांब्याची तार आणणारा यांना एकच नियम लावणं मला पटत नाही. वजनावर मर्यादा ठेवावी म्हटलं, तर चोर माल वाटून आणतील. यावर तोडगा सुचतोय का कुणाला?

धंदा बंद पाडायचा हेतू अजिबात नाही. भंगारातून पोलाद घडतं, खाणी वाचतात, हजारोंची चूल पेटते. प्रत्यक्ष वजनकाट्यावर बसणाऱ्यांचं मत मला सगळ्यात आधी हवंय. कलमाची तयार भाषा देऊ शकलात तर फारच उत्तम, व्यक्तिगत निरोप केला तरी चालेल.