आधी भिंती, मग बोलणं

‘सेवा हे नुसतं निमित्त, खरा हेतू धर्मप्रचार’, असं ख्रिस्ती लोकांच्या मदतकार्याबद्दल म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ आलं, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. २००६ च्या मार्चमधल्या सुट्टीत आमच्या विद्यापीठातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांबरोबर मी तिथे गेले होते.

काम एकच: घर आतून रिकामं करायचं. तोंडाला मास्क, हातात पहार. भिंतींचे भिजलेले जिप्समचे तक्ते उचकटून लाकडी सांगाडा उघडा करायचा, नाहीतर बुरशी आतच राहते. फ्रीज मात्र उघडायचा नाही, चिकटपट्टीने गुंडाळून तसाच रस्त्याच्या कडेला ठेवायचा. एका घरात चिखलात लग्नाचा फोटो सापडला, चेहरे विरघळून गेलेले. घरमालकीण आजी तो पदराने पुसावा तसा स्वेटरच्या बाहीने पुसत राहिल्या. मग त्यांनीच विचारलं, ‘तुम्ही का आलात, बाळांनो?’ तेव्हा आमच्यातल्या एकाने येशूविषयी सांगितलं. आजींनी हात पुढे केले, आम्ही मिळून प्रार्थना केली.

शेजारच्या काकांना ऐकायचं नव्हतं. त्यांचंही घर आम्ही तितक्याच मनापासून रिकामं केलं.