चर्चा: तळणीचं तेल बायोगॅसच्या टाकीत ओतावं का?

कोथरूडकर: २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर पुण्यात सोसायट्या-हॉटेलांच्या आवारात बायोगॅसच्या टाक्या आल्या. आता 'तेल टाका, गॅस वाढेल' असा सल्ला फिरतोय. माझं मत स्पष्ट आहे, थेंबभरही टाकू नका. टाकीत तेल फुटून ग्लिसरॉल आणि लांब साखळीची आम्लं होतात, मुख्यतः ओलेइक आणि पामिटिक. ती मिथेन करणाऱ्या आर्कियांच्या (जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांच्या) पेशींवर लेपासारखी बसतात, आत-बाहेर जाणं अडतं. सगळ्यात आधी ॲसेटिक आम्ल खाणारे गारठतात, आणि त्यांची संख्या दुप्पट व्हायला काही दिवस लागतात. शिवाय तेलकट झालेला गाळ तरंगतो आणि आउटलेटमधून निघून जातो. म्हणजे कामगारही गेले आणि कामही.

स्लरीबहाद्दर: थेंबभरही नको? हिशोब तर करा. १ किलो तेलातून कागदावर सुमारे १ घनमीटर मिथेन मिळतो, पिष्टातून ०.४. ओला कचरा १०० किलो टाकला तर बायोगॅस १० घनमीटरच्या आसपास. ५ लिटर तेल साधारण ६५ किलो कचऱ्याचं काम करतं! आणि 'तेल म्हणजे जंतूंना कायमचं विष' ही समजूत जुनी झाली. पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठात चरबीने माखलेला गाळ नवं खाद्य न देता ठेवला, तर त्याने ती चरबी पचवली आणि नंतर त्याची मिथेन करायची ताकद आधीपेक्षा वाढलेली निघाली. चूक तेलाची नाही, बादलीची आहे. ५०० किलोच्या प्लांटला पहिला आठवडा रोज १ लिटर, तेही क्रशरमध्ये कचऱ्याबरोबर कोमट पाण्यात फेटून. गॅस टिकला तरच पुढच्या आठवड्यात २.

आम्लपित्त: तुम्ही दोघं तेलावर भांडताय, टाक्या बसतात त्या भाताने. लग्नाचं उरलेलं गोडधोड आणि भात एकदम आला की काही तासांत आम्ल होतं, हायड्रोजन साचतो. मधल्या टप्प्यावर तयार होणारं प्रोपिऑनिक आम्ल पुढे सरकायला हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दहा-हजाराव्या भागाइतका कमी लागतो, नाहीतर ते तिथेच तुंबतं. मग पीएच उतरतो आणि खरी मार बसते: पीएच ७ ला हे आम्ल अविघटित (आयनांत न तुटलेल्या) रूपात शंभरात एकही भाग नसतं, ६ ला सहा-सात भाग असतं, आणि तेच रूप पेशीत घुसतं.

पीएचच्या पट्टीवर विसंबू नका, ती उशिरा बोलते. टायट्रेशन करा: २० मिली गाळलेली स्लरी (टाकीतलं पातळ मिश्रण) घ्या. ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल पीएच ५ पर्यंत घाला, किती मिली लागलं ते लिहा. तिथून ४.४ पर्यंत आणखी किती, ते वेगळं लिहा. पहिला आकडा गुणिले २५० ही अल्कता, म्हणजे आम्ल सोसायची ताकद. दुसरा गुणिले १.६६, वजा ०.१५, गुणिले ५०० हे आम्ल. समजा १६ आणि २ मिली लागलं, तर ४००० आणि १५८५, आम्ल भागिले अल्कता हे गुणोत्तर ०.४. ०.३ पर्यंत निर्धास्त राहा, ०.४ ला फीड बंद.

कोथरूडकर: टायट्रेशन उत्तम, पण त्यात लांब आम्लं दिसतच नाहीत. ती घन भागाला चिकटलेली असतात आणि तुम्ही स्लरी गाळून घेताय! त्यासाठी आउटलेट बघा. पांढरे दाणे दिसले तर चिमटीत चोळा. मेणासारखे पसरले तर पामिटिकचा माल आहे. वडे-भजी बहुतेक पामोलिनमध्ये (पामतेलाच्या पातळ भागात) तळतात, आणि डिसेंबरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरला की गरम न केलेल्या टाकीत वर तरंगणाऱ्या तेलकट सायीचा थर घट्ट होतो. शिवाय पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढणारे) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल २०१८ पासून स्वयंपाकाला बाद आहे. बायोडिझेलवाले ते पैसे देऊन नेतात. मग टाकीचा जीव का घ्यायचा?

स्लरीबहाद्दर: डब्यातलं तेल विका, मान्य. पण मिसळीच्या कटाचा तवंग आणि ग्रीस ट्रॅपमधला (सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या पेटीतला) चिकटा कोण विकत घेतो? तो कुठेतरी जाणारच, आणि ड्रेनेजपेक्षा टाकी बरी. कॅल्शियम क्लोराईड आधी मिसळलं तर आम्लांचा न विरघळणारा साबण बनतो, जंतूंवरचा मारा कमी होतो. लेप बसल्यावर ओतलं तर मात्र उपयोग नाही. गॅस पडलाच तर ३-४ दिवस खाद्य बंद ठेवा, ढवळणं चालू ठेवा, चालू प्लांटची स्लरी किंवा ताजं शेण घाला. घाबरून चुन्याची गोणी रिकामी करू नका, पीएच एकदम उडी मारतो.

आम्लपित्त: आणि तो साबण पाइपच्या कोपरात जाऊन बसतो, हे कोण सांगणार? चार इंची आउटलेट असेल तर आधी सफाईचं झाकण बसवा, मग कॅल्शियमचं बोला.

कोथरूडकर: झाकण, कॅल्शियम, कोमट पाणी, रोजचं टायट्रेशन... एवढं सगळं सोसायटीचा माळी करणार आहे का?