मदत हवी आहे: मों व्हाँतू डोंगराच्या चढासाठी सायकलची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बदलावी का?
सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात आठवडाभर रोड सायकल चालवण्याचा बेत आहे. बोन्यूला मुक्काम करून लाकोस्त, गेरूच्या कड्यांवरचे रुसियों आणि गोर्द ही डोंगरउतारांवरची जुनी गावे पाहावीत, आणि अखेरीस बेद्वाँकडून सुमारे 21 किलोमीटरचा मों व्हाँतूचा चढ चढावा, असे ठरवले आहे. माझ्या सायकलला पुढे 50 आणि 34 दात्यांची दोन चक्रे आणि मागे 11 ते 28 दात्यांची कॅसेट आहे. याच जोडीवर सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर मला उभे राहून पेडल मारावे लागते (गुडघे कुरकुरतात, ते वेगळेच). तेव्हा सर्वांत मोठे चक्र 32 दात्यांचे असलेली, चढाला हलकी जाणारी कॅसेट बसवावी, की सो गावाकडून जाणारा लांब पण सौम्य रस्ता निवडावा? मिस्त्राल (तिकडचा जोरदार थंड वारा) सुटल्यास माथ्याजवळचा उघडा, दगडगोट्यांचा टप्पा टाळावा का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.